सांगणारी वायर

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. लग्न करून पाहायचं राहून गेलं, म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी घर बांधून पाहायला घेतलं. सानगडीत बाजाराच्या मागच्या अंगाला वडिलांनी घेऊन ठेवलेली जागा होती. त्या घराने माझी झोप नेली, केस पिकवले आणि मला रामटेके मिस्त्री दिले. पहिल्या दोन गोष्टींबद्दल मी अजून कुरकुरते.

रामटेके पहिल्यांदा आले ते स्लॅबच्या आदल्या आठवड्यात. वर सळ्या बांधून झाल्या होत्या, खाली टेकूच्या बल्ल्यांचं जंगल उभं होतं. काँक्रीट पडायच्या आधी विजेचे पाईप टाकून घ्यायचे होते. कापगते ठेकेदारांनी सांगून ठेवलं होतं, “मानूस अव्वल हाये मॅडम, पन कोनाचं ऐकत नाई.” जवाहरनगरच्या फॅक्टरीत उभी हयात इलेक्ट्रिकचं काम करून ते रिटायर झाले आणि गावी परतले. उंच, वाळका देह, इस्त्रीचा पांढरा हाफ शर्ट, खिशात टेस्टर आणि टेस्टरच्या शेजारी खडू. मी जन्मभर शाळेत शिकवत आले, पण इतका जपून खडू वापरणारा माणूस पाहिला नव्हता. अर्ध्या बोटाएवढा तुकडा कागदात गुंडाळून ठेवायचे.

मी नकाशा पुढे केला. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही.

“घडी घालून ठेवा मॅडम,” ते म्हणाले. “तुमी सकाळी उठता तं आंधी कुठी जाता?”

मग त्यांनी मला त्या बल्ल्यांमधून चालायला लावलं. इथे उठते, इथे दिवा लावते, इथे चहा ठेवते. न झालेल्या घरात मी न झालेला दिवस जगून दाखवत होते आणि सेंट्रिंगवाले काम सोडून बघत होते. “झोपतानी डोकं कोनीकडे?” “दार लावून झोपता का उघडं ठेवता?” बिनलग्नाच्या बाईला हा प्रश्न चार लोकांत विचारायचा म्हणजे काय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. कापगते गालातल्या गालात हसले. रामटेके मात्र माझ्या तोंडाकडे रोखून बघत उत्तराची वाट पाहत होते.

“वरतच्या खोलीत कोन झोपन?”

“भाऊ. इंग्लंडात असतो.”

“येते केव्हा?”

“दोन-तीन वर्षांनी.”

“म्हन्जे ते दार बंदच रायन,” असं म्हणून त्यांनी बल्लीवर खडूने काहीतरी लिहिलं. मला ते वाक्य लागलं. खोली आम्ही भावासाठी बांधत होतो आणि ती बंद राहणार हे माझ्याखेरीज कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. खरं तर मीही बोलले नव्हते.

ह्या भावाचंच पुढचं सगळं प्रकरण. आई आणि मी दोघीच राहतो. घर बांधायला घ्यायच्या आधी एकदा आईने गॅसवर दूध ठेवलं आणि शेजारी पापड लाटायला गेली. भांड्याचा कोळसा झाला. मी फोनवर भावाला हे हसत हसत सांगितलं, तो हसला नाही. पुढच्या खेपेला आला तेव्हा बॅगेत चॉकलेटं कमी आणि छताला लावायचे पांढरे गोल डबे जास्त. धूर झाला की वाजणारे. तिकडे घराघरात असतात म्हणे. ते सहा डबे एकमेकांना वायरने जोडायचे होते.

रामटेके त्यांना भोंगे म्हणत. सोबतचा इंग्रजी कागद मी वाचायचा, मराठी करून सांगायचं आणि त्यांनी लिहून घ्यायचं, असं ठरलं. पण मी सांगायला लागले की ते म्हणत, “लिहूनच द्या मॅडम. बोलनं हवेत जाते.” तेव्हा मला हा फॅक्टरीचा बाणा वाटला. मी दोन पानं लिहून दिली. दुसऱ्या दिवशी ते ती पाठ करूनच आले.

“हे फेज,” त्यांनी लाल वायर दाखवली, “हे न्यूट्रल, अन् हे तिसरी पिवळी. हे सांगनारी. खालच्या खोलीत धूर झाला का तिथला भोंगा वाजन, अन् ह्या वायरीतून बाकीच्या पाचायले सांगन. मंग सारेच वाजतीन. बंद दाराआड झोपलेल्याले बी मालूम पडन.” एवढं बोलून त्यांनी ती पिवळी वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. “दोन मानसं अन् सहा भोंगे,” ते म्हणाले. “असू द्या. भोंग्यायले तरी सोबत रायन.”

पुढे एकदा ते पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला भंडाऱ्याला गेले. जिवंत आहे हे वर्षातून एकदा सरकारला तरी सांगावं लागतं, असं ते म्हणत. त्या दिवशी ठेकेदारांनी दुसऱ्या वायरमनला बोलावून जिन्याकडची वायर ओढून घेतली. वायर कमी पडली, त्याने भिंतीतल्या जंक्शनच्या डब्यात जोड देऊन टेप गुंडाळली. काम नीटनेटकं होतं. परत आल्यावर रामटेक्यांनी एकेक डबा उघडून बघितला, जोड दिसला आणि काही न बोलता सगळी वायर उपसून अंगणात टाकली. कापगते तावातावाने आले. जोड कुठे नसतो, साऱ्या दुनियेत असतो, वगैरे बोलले. रामटेके पाठमोरे होते, त्यांनी मान वळवली नाही. कापगत्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले, पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

नंतर मी कारण विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी सांगितलं. “फेजचा जोड सुटला का बल्ब लागत नाई. मालूम पडते. हे सांगनारी वायर सुटली तं कोनालेच मालूम पडत नाई. भोंगा दिसाले चांगला दिसते. ज्या दिवशी पाह्यजे, त्याच दिवशी समजते का हा एकलाच वाजून रायला.”

दोन महिन्यांत माझ्या घराच्या भिंती खडूने भरून गेल्या. गिलावा झाला होता, रंग यायचा होता. रामटेके गवंड्याला सांगायचं ते भिंतीवर लिहीत आणि गवंड्याने उत्तरही भिंतीवरच लिहावं असा त्यांचा आग्रह. गवंडी सातवी पास, पण हळूहळू त्यालाही गोडी लागली. “इथे खिळा ठोकू नये.” “ठोकला नाही.” “मग हे भोक कशाचं?” “आधीचं.” असे संवाद दिवाणखान्यात रंगलेले असत. आई दुपारी डबा घेऊन आली की आधी भिंती वाचायची, मग डबा उघडायची. तिला रामटेके आवडायचे. ती त्यांच्यासाठी वेगळी भाकर आणायची आणि समोर बसून गोष्टी सांगायची. ते तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत जेवायचे. आई म्हणायची, “इतकं मन लावून तुझे वडील बी कधी आयकले नाई माहं.”

त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलती मुलगी सुजाता पुण्याला. ती दुपारी दीडच्या सुमारास फोन करायची. रामटेके फोन कानाशी न्यायचे आणि लगेच सुरू व्हायचे. “हो हो, बरा हाये. जेवलो. धान कापनीले आला. मॅडमच्या घरी काम चालू हाये. ठेवतो.” एका श्वासात सगळं. एकदा फोनचा आवाज बाहेर येत होता आणि मी जवळच होते. ती विचारत होती, “बाबा, सर्दी झाली का? आवाज असा का येतोय?” ते म्हणाले, “हो हो, बरा हाये, जेवलो.” मला वाटलं, बापाला लेकीशी बोलायचा कंटाळा. मनातून त्यांचा थोडा रागही आला.

त्यांनी तिला माझा नंबर देऊन ठेवला होता. भोंगे बसवायच्या आठवड्यात तिचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग तिने विचारलं, “काकू, बाबांना नीट ऐकू येतं ना हो?”

“येतं की,” मी म्हटलं. तेव्हा ते खोटं नव्हतं.

चाचणीच्या दिवशी रामटेके गोवऱ्या घेऊन आले. भोंग्यावर चाचणीचं बटण होतं, ते दाबलं की वाजतो, हे मी लिहून दिलेलं होतं. ते म्हणाले, “बटन दाबून आवाजाची परीक्षा होते. धुराची परीक्षा धुरानंच कराची.” दुपारच्या सुट्टीत मजूर जेवायला गेले तेव्हा त्यांनी लोखंडी टोपल्यात गोवरी पेटवली, विझवली, धुमसती ठेवली आणि टोपलं घेऊन ते वर गेले. मी खाली स्वयंपाकघरात उभं राहायचं, तिथला वाजला की वर येऊन सांगायचं. स्वयंपाकघरातला भोंगा स्वतःहून उष्णतेनेच वाजणारा होता, नाहीतर मिरचीच्या फोडणीला रोज गाव गोळा झालं असतं. त्याला धूर कळत नसल्यामुळे तो वाजला तर सांगणाऱ्या वायरीनेच वाजला, असा हिशेब.

मी उभी राहिले. दोन मिनिटं गेली. मग घरातल्या सहाही कोपऱ्यांतून एकदम जो कर्कश आवाज उठला, त्याने मी हबकलेच. रिकामं घर, भिंतींना रंग नाही, खिडक्यांना पडदा नाही, आवाज नुसता आदळत होता. मी धावत जिना चढले. भावाच्या खोलीत रामटेके भोंग्याखाली टोपलं वर धरून उभे होते. भोंगा त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर किंचाळत होता आणि ते शांतपणे त्याच्याकडे बघत होते.

मला पाहून त्यांनी विचारलं, “खाली वाजलं का, मॅडम?”

मी वर भोंग्याकडे बोट दाखवलं.

“लाल लाईट तं लुकलुकून रायला,” ते म्हणाले. “आता वाजनच.”

इतक्या दिवसांतलं सगळं एकदम उलगडलं. खडू, चिठ्ठ्या, माणसाच्या तोंडाकडे रोखून बघणं, पाठमोरं असताना न वळणारी मान, फोनवरचं ते एका दमात बोलणं. मी खिडकीतला खडूचा तुकडा उचलला आणि भिंतीवर लिहिलं, “वाजून राहिलं आहे.”

त्यांनी वाचलं. टोपलं खाली ठेवलं, भोंग्याचं बटण दाबलं, तो थांबला हे माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. मग सिमेंटच्या पोत्यावर बसले.

“जाड आवाज येते थोडा,” ते म्हणाले. “बारीक आवाज गेला. पाखरं गेली आंधी. मंग सुजाता गेली.”

कानाचं मशीन का नाही लावत, मी लिहिलं. त्यांनी हात झटकला. होतं त्यांच्याकडे. त्यात म्हणे सारा बाजार एकाच वेळी बोलतो आणि समोरचा माणूसच सापडत नाही. शिवाय कानात मशीन दिसलं की लोक शेजारच्याशी बोलायला लागतात, ‘याला विचार’ म्हणून त्यालाच सांगतात.

“माही बाई होती तवा ते बोले अन् मी पाहो. तिचे ओठ मले पाठ होते. आता दुसऱ्यायचे शिकून रायलो. तुमच्या आईचे सोपे हायेत.”

मी शिक्षिकेच्या जातीला जागून रागावले. विजेचं काम, कोणी खालून ओरडलं तर? जिवाशी खेळ आहे, असं मोठ्या अक्षरात लिहिलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून मेनचा फ्यूज काढून माझ्यापुढे धरला. कामावर असेपर्यंत तो त्यांच्याच खिशात असायचा; भोंगेही आतल्या बॅटरीवरच वाजले होते. “माही लाइन कोनाच्या सांगन्यावर बंद नसते,” ते म्हणाले. “कान होते तवा बी नोती.”

खालून मजूर परतल्याचे आवाज यायला लागले. मी दाराकडे बघितलं तेव्हा त्यांना ते कळलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर घाबरल्यासारखं दिसलं.

“ठेकेदाराले सांगू नका मॅडम. पैशाची गोष्ट नाई, मले पेन्शन हाये. पन काम बंद झालं का मंग सकाळी उठून कोनाच्या घरी जाऊ मी?”

मी ओल्या फडक्याने भिंतीवरचं माझं वाक्य पुसलं. एवढंच उत्तर मला देता आलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी मनाची समजूत घातली, पण ती फार टिकली नाही. सुजाताचा पुन्हा फोन आला, पुन्हा तिने तोच प्रश्न विचारला. मी पुन्हा म्हटलं, “येतं की.” ह्या वेळी ते खोटं होतं. फोन ठेवल्यावर मला आठवलं की मी शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करते. पण सुजाताने बापाला पुण्याला नेलं असतं, आणि तो बाप सकाळी नऊला माझ्या दारात सायकल लावायचा, आणि मलाही कोणीतरी दारात सायकल लावण्याची सवय झाली होती. खोटं कोणासाठी बोलले, हे मी अजून नीट ठरवलेलं नाही.

मग रंगारी आले. घासकामाची धूळ भोंग्यांत जाऊ नये म्हणून रामटेक्यांनी सहाही भोंग्यांना त्यांच्या प्लॅस्टिकच्या टोप्या घातल्या आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर सवयीने लिहून ठेवलं: “होम होईपर्यंत टोप्या काढू नये.” दोन दिवसांनी भिंतीवर पुट्टी चढली, वर फिका पिवळा रंग. गवंड्याचे संवाद गेले, खिळ्याचं भांडण गेलं, ही सूचनाही गेली. मी ती वाचली होती की नाही, तेही मला आठवत नाही.

वास्तुशांतीनंतर पंधरा दिवसांनी सुजाता आली आणि त्यांना पुण्याला घेऊन गेली. मी तेव्हा शाळेच्या कामाने साकोलीला होते, भेट झाली नाही. आता मी कधीमधी फोन करते. मी विचारते एक, ते सांगतात दुसरं. “हो हो, बरा हाये. जेवलो. इथे पाचवा माळा हाये. ठेवतो.” मला राग येत नाही. नुसतं वाटतं की आधी पाखरं, मग सुजाता, त्या यादीत आता आपणही गेलो. सुजाताला सगळं ठाऊक झालं आहे, ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मला रामटेके दिसतात ते वास्तूच्या दिवशीचे. सकाळीच आले होते, धुतलेला शर्ट, खिशात टेस्टर नाही, म्हणून तो खिसा उगाच ओघळल्यासारखा. होमाशी त्यांचं देणंघेणं नव्हतं, घराशी होतं, म्हणून भिंतीकडेच्या खुर्चीवर बाजूला बसले. आईने त्यांना पोह्यांची बशी दिली. भाऊ आदल्या दिवशीच आला होता. सकाळी घर बघताना त्याला भोंग्यांवर टोप्या दिसल्या आणि पॅकिंग काढायचं राहिलं असं समजून त्याने सगळ्या काढून टाकल्या. कौतुकाने मला दाखवल्याही. मी पुरणाच्या गडबडीत हो म्हटलं.

गुरुजींनी तूप घातलं, लाकडं ओली निघाली आणि धुराचा लोट वर गेला. क्षणात सहाही भोंगे एकदम सुटले. गुरुजींची पळी हातात राहिली. पोरं अंगणात पळाली. आईने, कापगत्यांनी, पाहुण्यांनी, साऱ्यांनी कानांवर हात दाबले. रामटेक्यांनी पोह्यांचा एक घास घेतला.

मग त्यांनी मान वर केली. आजूबाजूला पाहिलं, एकेकाचे हात, एकेकाचे चेहरे. बशी खाली जमिनीवर ठेवली आणि आपलेही दोन्ही तळहात कानांवर नेऊन दाबले. कपाळाला आठ्याही घातल्या, इतरांपेक्षा दोन जास्तच. आणि छताकडे बघत राहिले.

भावाने स्टुलावर चढून बटण दाबलं, कोणी खिडक्या उघडल्या. आवाज थांबला. सगळ्यांचे हात खाली आले, लोक हसायला लागले, गुरुजींनी घसा साफ केला. रामटेक्यांचे हात मात्र तसेच होते. वर भोंग्याकडे बघत, आठ्या घालून, ते कान झाकून बसले होते.

“चांगलेच भोंगे बसवले तुमी,” म्हणत कापगते त्यांच्याकडे निघाले. दोन पावलांवर थबकले. त्यांच्याकडे नीट बघायला लागले.

माझ्या हातात प्रसादाचं ताट होतं. ते मी मिळेल तिथे ठेवलं आणि कापगत्यांच्या आणि त्या खुर्चीच्या मधे जाऊन उभी राहिले. शांत झालेल्या घरात, चार पाहुण्यांदेखत, मी माझे दोन्ही हात कानांवर ठेवले. रामटेक्यांनी माझ्याकडे बघेपर्यंत तसेच ठेवले. मग सावकाश खाली घेतले.

त्यांनीही घेतले.

“लय जोरात वाजते, मॅडम,” ते म्हणाले.

“हो,” मी एकेक शब्द ओठांनी नीट उच्चारत म्हटलं. “साऱ्या घरात ऐकू आलं.”